सव्यंग अर्भके : अपशकुनापासून नोंदवहीपर्यंत

वसंतातील व्याख्यानांचा विषय प्रसन्न असावा, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते आणि ती रास्तही आहे. आम्ही निवडलेला विषय तसा नाही. जन्मतःच व्यंग घेऊन आलेल्या अर्भकांविषयी चारचौघांत बोलण्याची आपल्याकडे रीत नाही. असे मूल घरात जन्मले की दार ओढून घेतले जाते, शेजारीपाजारी हलक्या आवाजात बोलतात, आणि पुष्कळदा बारसे होण्यापूर्वीच सारे आटोपलेले असते. परंतु ज्या गोष्टीविषयी बोलायचे नाही असे समाज ठरवतो, तिच्याविषयी त्याचे मत मात्र फार पक्के असते. हे मत कसे बनले, ते केव्हा व कशाने बदलू लागले, आणि आपल्या वर्धा जिल्ह्याचा त्या बदलाशी काय संबंध आहे, हे पाहणे एवढाच या निबंधाचा हेतू आहे.

आरंभी घरचाच एक आकडा सांगतो. सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या बालरोगतज्ज्ञांनी आपल्या कस्तुरबा रुग्णालयातील बाळंतपणांची पद्धतशीर नोंद ठेवली. १ जानेवारी २००५ ते ३१ जुलै २००७ या एकतीस महिन्यांत तेथे ९,३८६ बाळंतपणे झाली. त्यांतील १७९ अर्भकांत कोणते ना कोणते जन्मजात व्यंग आढळले. १६६ जिवंत जन्मली होती, १३ मृत. शेकडा प्रमाण १.९१, म्हणजे साधारणपणे बावन्न बाळंतपणांमागे एक. अवघड बाळंतपणे मोठ्या रुग्णालयाकडे धाव घेतात, म्हणून हा आकडा साऱ्या जिल्ह्याचा मानता येणार नाही. तथापि त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. एकेक व्यंग घेतले तर ते दुर्मिळ असते, पण सर्व मिळून ती मुळीच दुर्मिळ नाहीत. बावन्न घरांची वस्ती म्हणजे एक लहानशी आळी. तेव्हा हा प्रश्न कोणा एका अभाग्याच्या घरचा नसून आळीआळीचा आहे.

ही नोंद करणाऱ्यांनी 'असे का झाले' हा प्रश्न विचारला, आणि तोही मोजून, वर्गवारी करून विचारला. मनुष्यजातीने हजारो वर्षे यापेक्षा निराळा प्रश्न विचारला होता. तो असा : 'हे कोणाच्या पापाचे फळ?' पहिल्या प्रश्नापर्यंत पोचायला जो काळ लागला, त्याचाच हा इतिहास आहे.

सव्यंग जन्मांविषयीचे अतिप्राचीन लिखाण सापडते ते मेसोपोटेमियातील मातीच्या विटांवर. 'शुम्मा इज्बू' या नावाने ओळखली जाणारी चोवीस फलकांची एक मालिका निनवे येथे असुरबनिपाल राजाच्या ग्रंथसंग्रहात होती. माणसांच्या वा जनावरांच्या पोटी अमुक आकाराचे पिल्लू जन्मले तर राज्यावर तमुक संकट येईल, अशी शेकडो वाक्ये त्यांत ओळीने दिली आहेत. त्या विद्वानांनी व्यंगांचे निरीक्षण बारकाईने केले होते, यात शंका नाही. पण त्यांची दृष्टी त्या बालकावर नव्हती, त्याच्या आडून राजाचे भविष्य वाचण्यावर होती. रोममध्ये याहून पुढची पायरी गाठली गेली. तेथील बारा फलकांच्या कायद्यात विद्रूप अर्भकाचा तत्काळ अंत करावा अशी आज्ञा होती, असे सिसेरो सांगतो.

आपल्याकडे काय होते? वराहमिहिराच्या बृहत्संहितेत उत्पातांचा एक अध्याय आहे. भूकंप, उल्कापात, अकाली फुलणारी झाडे यांच्याच पंक्तीस तेथे स्त्रियांच्या विकृत प्रसूतीही बसवल्या आहेत. दोन, तीन, चार मुले एकदम होणे हेही तेथे देशाच्या आणि कुळाच्या नाशाचे चिन्ह ठरते. आणि त्यावर तोड काय? त्या स्त्रियांना परक्याच्या मुलखात नेऊन सोडावे, ब्राह्मणांना तृप्त करावे, शांती करावी. क्षणभर थांबून या उपायाचा अर्थ ध्यानात घ्यावा. नुकत्याच बाळंत झालेल्या, बहुधा मूल गमावलेल्या बाईला वेशीबाहेर काढणे, हा राज्य सुरक्षित ठेवण्याचा उपाय समजला जात होता. आज कोणी कोणाला परमुलखात नेऊन सोडत नाही, हे खरे. पण 'माहेरी पाठवून दिली, परत आणली नाही' ही वाक्ये आपल्या कानांना अगदीच अनोळखी आहेत काय?

याच भूमीत, निराळ्या परंपरेत, निराळा विचारही झाला होता, आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जाणे अन्यायाचे होईल. चरकसंहितेच्या शारीरस्थानात व्यंगाची कारणे पाच सांगितली आहेत : बीजाचा दोष, जीवाचे स्वतःचे पूर्वकर्म, गर्भाशयाचा दोष, काळाचा दोष, आणि मातेच्या आहारविहाराचा दोष. पाचांपैकी एक कारण पूर्वजन्मात जाते. उरलेली चार याच देहात शोधता येण्याजोगी आहेत. त्याच स्थानात एक सुंदर वाद आहे. मूल आईबापांपासून बनते, तर आंधळ्यांची मुले आंधळी आणि मुक्यांची मुकी का होत नाहीत, अशी शंका भरद्वाज घेतो. आत्रेयाचे उत्तर असे की, बीजामध्ये निरनिराळ्या अवयवांचे निरनिराळे भाग असतात. ज्या अवयवाचा बीजातील भाग बिघडला असेल तोच अवयव मुलात बिघडतो, एरवी बिघडत नाही. सूक्ष्मदर्शक यंत्र नसलेल्या काळातील हे अनुमान आहे. त्याला आजचे अनुवंशशास्त्र म्हणण्याचा मोह आम्ही आवरतो, कारण त्यामागे प्रयोग नव्हता. पण कारण देहात शोधावे ही वृत्ती होती, आणि ती वृत्ती हीच शास्त्राची जननी होय.

सुश्रुतसंहितेत मात्र दोन्ही प्रवाह एकत्र वाहताना दिसतात. साप, विंचू, कोहळा यांच्या आकाराचे गर्भ हे पापामुळे होतात, असे एके ठिकाणी म्हटले आहे. दुसरीकडे गर्भिणीच्या इच्छा अपुऱ्या राहिल्यास मूल कुबडे, लुळे, लंगडे, जड वा ठेंगणे होते, असे सांगितले आहे. या इच्छांचे नाव दौहृद. आपला 'डोहाळे' हा शब्द त्याच घराण्यातला. या समजुतीने पोटुशीला चार घास आवडीचे मिळाले, तिची हौसमौज झाली, हा तिचा उपकार मान्य केला पाहिजे. पण तिची दुसरी बाजूही आहे. मूल सव्यंग जन्मले की हिशेब उलटा होतो : हिने काही पाळले नाही, काही खाल्ले, कशाला तरी भ्याली, ग्रहणात विळी हाती घेतली. कारण देहात शोधायला निघालेला विचार आईपाशी येऊन अडला आणि तिलाच आरोपी करून बसला.

ग्रहणाचीच गोष्ट घ्या, कारण ती आजही आपल्या घरात आहे. वरचा ओठ दुभंगलेले मूल जन्मले तर आईने ग्रहणात काही चिरले असणार, असे वडीलधारी मंडळी सांगतात. ओठ व टाळू यांची ही फट साऱ्या जगात आढळते. साधारणपणे सातशे ते हजार जन्मांमागे एक असे तिचे प्रमाण आहे. ज्या देशांत ग्रहण पाळण्याची कल्पनाही नाही तेथेही ती आहे. पण याहून सोपा पुरावा गर्भाच्या वाढीतच आहे. चेहऱ्याचे दोन्ही बाजूंचे उंचवटे मध्यभागी येऊन जुळतात, आणि वरचा ओठ गर्भाच्या सातव्या आठवड्याच्या सुमारास सांधला जातो. टाळू बाराव्या आठवड्यापर्यंत. जुळणी राहिली तर फट राहते. म्हणजे सातव्या महिन्यात लागलेल्या ग्रहणाने जो ओठ फाटला म्हणून आपण सांगतो, त्याचा निकाल पाच महिने आधीच लागून गेलेला असतो. कित्येकदा तर आईला दिवस गेल्याची पुरती खात्रीही तेव्हा झालेली नसते. विळीला यात कोठेच जागा नाही.

युरोपातही अंधार काही कमी नव्हता. आंब्रुआज पारे या प्रसिद्ध फ्रेंच शल्यवैद्याने १५७३ साली सव्यंग जन्मांवर ग्रंथ लिहिला. त्यात देवाचा गौरव, देवाचा कोप, बीजाची अधिकता, मातेची कल्पनाशक्ती, सैतान, अशी कारणांची खिचडी आहे. १६५१ साली विल्यम हार्वेने दुभंगलेल्या ओठाविषयी लिहिले की, गर्भाच्या वाढीत एका विशिष्ट काळी प्रत्येकाचाच ओठ असा असतो. काहींचा तेथेच थांबतो. विकृती म्हणजे परकी, भलतीच वस्तू नसून आपल्याच वाढीतील एक अडलेला टप्पा आहे, हा विचार येथे पहिल्यांदा नीट मांडला गेला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी एत्येन जोफ्रुआ सें-तिलेर याने कोंबडीच्या उबवणाऱ्या अंड्यांना धक्के देऊन, त्यांवर लेप चढवून सव्यंग पिल्ले मुद्दाम निर्माण केली. त्याच्या मुलाने, इसिदोरने, १८३२ ते १८३७ या काळात व्यंगांची शास्त्रीय वर्गवारी करणारा मोठा ग्रंथ सिद्ध केला. जे अंड्यावरच्या लेपाने घडवता येते, ते पूर्वजन्मीच्या पापाने घडते असे म्हणणे त्यानंतर अवघड झाले.

परंतु शास्त्र पुढे गेले म्हणून माणूस पुढे गेला असे होत नाही. मे १७८३ मध्ये बंगालच्या बरद्वान भागात एका खेड्यात एक मुलगा जन्मला. त्याच्या डोक्यावर दुसरे एक डोके उलटे जोडलेले होते. सुईण घाबरली आणि तिने अर्भकाला विस्तवात टाकले. त्याला बाहेर काढले तेव्हा एक डोळा, कान व वरच्या डोक्याचा भाग भाजला होता. मूल जगले. आईबाप त्याला कलकत्त्यास घेऊन गेले आणि पैसे घेऊन लोकांना दाखवू लागले. दोन खेळांच्या मधल्या वेळात ते त्याला कापडाखाली झाकून ठेवीत, कारण फुकट पाहिले तर पैसा कोण देणार? चौथ्या वर्षी नाग चावून तो मेला. नदीकाठी त्याला पुरले होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या मिठाच्या कारभारावरील एका अधिकाऱ्याने थडगे उकरवले, आणि ती जोडकवटी हातोहात लंडनला एव्हरर्ड होम या शल्यवैद्याकडे पोचली. त्याने १७९० साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात तिचे वर्णन प्रसिद्ध केले. कवटी शल्यवैद्यांच्या संग्रहालयात ठेवण्यात आली. चार वर्षांच्या त्या आयुष्यात भय, लोभ आणि कुतूहल या तिन्ही भावना एकामागून एक येऊन गेल्या. वर्णनात कवटीची मापे आहेत. मुलाचे नाव मात्र नाही.

शंभर वर्षांनी ओरिसात एकमेकींना चिकटलेल्या जुळ्या बहिणी जन्मल्या. राधिका आणि दुधिका या नावांनी त्या युरोपभर जत्रांतून व सर्कशीतून दाखवल्या गेल्या. एकीला क्षयरोग झाला तेव्हा दुसरीला वाचवावे म्हणून फेब्रुवारी १९०२ मध्ये पॅरिसच्या डॉ. द्वायँ यांनी त्यांना वेगळे केले. दुधिका काही दिवसांतच गेली, राधिका पुढच्या वर्षी. त्या शस्त्रक्रियेचे चलच्चित्रही घेतले गेले. तंबूची जागा पडद्याने घेतली, एवढाच फरक.

हा सारा जुना आणि दूरचा इतिहास वाटत असेल, तर वर्ध्याहून दोन तासांच्या अंतरावरील नागपूरची हकीकत पाहावी. जून २०१६ मध्ये तेथील लता मंगेशकर रुग्णालयात एक मुलगी जन्मली. तिची त्वचा जाड, चिलखतासारखी होती आणि खोल भेगांनी दुभंगलेली होती; पापण्या व ओठ बाहेर उलटलेले होते. या विकाराला 'हार्लेक्विन इक्थिऑसिस' म्हणतात. अत्यंत दुर्मिळ असा हा विकार. त्याचे पहिले ज्ञात वर्णन एप्रिल १७५० मध्ये अमेरिकेतील चार्ल्सटन येथील ऑलिव्हर हार्ट या धर्मोपदेशकाच्या रोजनिशीत सापडते. मूळ कारण कळायला २००५ साल उजाडावे लागले. एबीसीए-१२ नावाचे एक जनुक आहे; त्वचेच्या वरच्या थरात स्निग्ध द्रव्य पोचवण्याचे काम त्याच्याकडे असते. आई व बाप या दोघांकडूनही त्या जनुकाची बिघडलेली प्रत आली तरच हा विकार होतो. एकेक बिघडलेली प्रत असलेले आईबाप स्वतः पूर्ण निरोगी असतात. त्यांना ठाऊकही नसते. अशा जोडप्याच्या प्रत्येक गर्भास हा धोका चारांत एक इतका असतो. यात पाप कोणाचे? आणि केवळ आईचेच कसे?

नागपूरची ती मुलगी दोन दिवस जगली. तेवढ्या अवधीत तिची छायाचित्रे जगभर पोचली होती. 'देशातील पहिलेच असे मूल' म्हणून बातम्या छापून आल्या. वस्तुतः भारतातील अशा अर्भकांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत त्याआधीही आहेत. आणि छायाचित्र पाहणाऱ्या फारच थोड्यांना हे ठाऊक असेल की, या विकाराची सर्व मुले मरत नाहीत. इंग्लंडात १९८४ साली अशी जन्मलेली एक मुलगी शिकून सवरून मोठी झाली. कलकत्त्याच्या त्या मुलावरचे कापड पैसे दिल्यावर उचलले जाई. आता ते फुकट उचलले जाते, आणि उचलणारा हात आपलाच असतो. रुग्णालयातून आलेले असे छायाचित्र पुढे पाठवण्यापूर्वी त्या मुलाची आई ते पाहील काय, असा विचार करण्यास क्षणाहून अधिक वेळ लागत नाही.

आईला आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर काढण्याचे श्रेय ज्या घटनांना द्यावे लागेल, त्यांत ऑस्ट्रेलियातील एक घटना अग्रगण्य आहे. नॉर्मन ग्रेग हे सिडनीचे नेत्रवैद्य. जन्मतःच मोतीबिंदू असलेली अर्भके एकाएकी फार येऊ लागली, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी आयांना विचारले, आणि त्या जे सांगत होत्या ते ऐकून घेतले. ७८ अर्भकांपैकी ६८ जणांच्या आयांना गरोदरपणात, बहुतेकींना अगदी आरंभीच्या काळात, जर्मन गोवर येऊन गेला होता. हा निष्कर्ष त्यांनी १९४१ साली प्रसिद्ध केला. तोवर ज्या बाईला 'तू काय केलेस?' असे विचारले जाई, तिला ग्रेग यांनी 'तुला काय झाले होते?' असे विचारले. दोन प्रश्नांत दोन शब्दांचा फरक आहे. पण पहिल्यातून अश्रू निघाले आणि दुसऱ्यातून पुढे लस निघाली. जर्मन गोवराची, म्हणजे रुबेलाची, लस १९६९ पासून जगात उपलब्ध झाली. महाराष्ट्रात शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची मोठी मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये निघाली. ती लस घेतलेल्या मुली उद्याच्या आया आहेत.

त्यानंतर ज्ञान वेगाने वाढले. १९५९ साली डाउन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अवस्थेत एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते असे पॅरिसमध्ये आढळले. त्याच सुमारास थॅलिडोमाइड नावाचे झोपेचे औषध गरोदर स्त्रियांना बिनधोक म्हणून दिले जात होते. १९६१ च्या अखेरीस ते जर्मनीत मागे घेतले गेले, तोवर सुमारे दहा हजार मुले खुरटे हातपाय घेऊन जन्मली होती. हे पाप जन्मांतरीचे नव्हते, कारखान्यातले होते. आणि १९९१ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने एक मोठा प्रयोग पूर्ण केला. ज्या स्त्रियांना आधी एकदा मज्जानलिका उघडी राहिलेले मूल झाले होते, त्यांना गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड दिल्यास तसे पुन्हा होण्याचा धोका शेकडा ७२ ने कमी होतो, असे त्यातून सिद्ध झाले.

येथे 'आधीपासून' या शब्दावर भर द्यावासा वाटतो. ज्या नलिकेपासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतो, ती गर्भाच्या अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटते. आपल्या खेड्यांतून बाईचे नाव नोंदवले जाते ते दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, आणि गोळ्या हाती येतात त्यानंतर. तोवर नलिका मिटलेली असते, किंवा उघडी राहून गेलेली असते. गोळी रक्तवाढीसाठी उपयोगी असतेच, पण या एका कामापुरती ती उशिरा पोचते. म्हणून मूल व्हावे असे घरात ठरले, की दिवस जाण्यापूर्वीच वैद्याच्या सल्ल्याने हे औषध सुरू करणे, हा डोहाळे पुरवण्याइतकाच आपल्या रीतिरिवाजाचा भाग झाला पाहिजे. मात्र येथेही एक सावधगिरी हवी. गोळी घेऊनही काही मुले सव्यंग जन्मतात, आणि पुष्कळ व्यंगांचे कारण शास्त्राला अजून सापडलेले नाही. तेव्हा 'हिने गोळ्या घेतल्या नाहीत' हे ग्रहणाच्या विळीचे नवे रूप होऊ नये.

आता पुन्हा वर्ध्याकडे वळू. पापाचे फळ मानल्या गेलेल्या दुसऱ्या एका दुःखाचा इतिहास या जिल्ह्यात घडला आहे, आणि तो आपल्या विषयास वाट दाखवतो. ते दुःख म्हणजे कुष्ठरोग. तो जन्मजात नाही, हे खरे. पण त्याच्या कपाळीही 'पूर्वजन्मीचे पाप' हाच शिक्का होता, आणि त्याच्यावरही वेशीबाहेर घालवणे हाच उपाय होता. १९३६ साली विनोबांच्या प्रेरणेने मनोहर दिवाण यांनी दत्तपूर येथे महारोग्यांच्या सेवेचे काम आरंभले. सेवाग्राम आश्रमात परचुरे शास्त्री या कुष्ठरोगी विद्वानाला गांधीजींनी जवळ ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी त्यांची शुश्रूषा केली. १९३४ च्या बिहारच्या भूकंपाला अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हणणारेही गांधीजीच होते, आणि निसर्गाच्या घटनांना निसर्गातच कारणे असतात असे त्यांना रवींद्रनाथांनी खडसावून सांगितले होते. चांगल्या हेतूने का होईना, संकटामागे पाप शोधण्याचा मोह केवढा मोठा असतो, हे यावरून दिसावे. पण परचुरे शास्त्र्यांच्या जखमा धुताना गांधीजींनी पापाचा प्रश्न विचारला नाही. जखम आहे, ती धुतली पाहिजे, एवढेच पाहिले.

तथापि करुणेने एक माणूस वाचतो. जिल्हा वाचवायचा तर हिशेब लागतो. १९५१ साली स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाचे ठाणे वर्ध्यात पडले, आणि डॉ. वारदेकर यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे एक पद्धत आकारास आली : घरोघर जाऊन पाहणी, लोकांना माहिती, आणि राहत्या गावी उपचार. पाहणी, शिक्षण, उपचार ही त्रिसूत्री पुढे देशाच्या कुष्ठरोग नियंत्रणाच्या कामात स्वीकारली गेली. घरात लपवलेला रोगी पाहणीने उजेडात आला, आणि उजेडात आल्यावर त्याचा शाप राहिला नाही, त्याचा आजार झाला.

सेवाग्रामच्या त्या १७९ अर्भकांची नोंद आम्ही याच परंपरेतील समजतो. कस्तुरबांच्या १९४४ मधील निधनानंतर डॉ. सुशीला नायर यांच्या देखरेखीखाली बायका-मुलांसाठी पंधरा खाटांचे जे रुग्णालय सुरू झाले, त्याच्याभोवती १९६९ साली वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. तेथील बालरोगतज्ज्ञांनी १९८९ सालीही ग्रामीण महाराष्ट्रातील नवजातांच्या व्यंगांवर निबंध लिहिला होता. म्हणजे मोजणीची ही सवय एका पिढीची नव्हे. आणि मोजणीने काय दाखवले? जिवंत जन्मलेल्या अर्भकांत सर्वांत अधिक आढळली ती हृदयाची व्यंगे. हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. अपशकुन शोधणाऱ्या डोळ्यांना दोन डोकी दिसत, फाटका ओठ दिसे. हृदयाच्या पडद्यातले छिद्र दिसत नसे. ते मूल दिसायला गोजिरवाणे, आणि दूध पिताना मात्र धापा टाकणारे. ते दोन-चार महिन्यांत दगावले की 'सटवाईने एवढेच लिहिले होते' म्हणून घरची माणसे कपाळाला हात लावीत. ते लिहिलेले वाचता येते, आणि पुष्कळदा खोडताही येते, हे नोंदवहीने दाखवले.

आज सरकारी व्यवस्थाही या दिशेने उभी राहिली आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. त्यात जन्मजात व्यंगांच्या तपासणीची यादी आहे : मज्जानलिकेचे दोष, डाउनची अवस्था, दुभंगलेला ओठ व टाळू, वाकडे पाऊल, खुब्याचा सांधा निसटणे, मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयविकार. यांतील वाकडे पाऊल पहिल्या आठवड्यांत प्लास्टर घालण्यास आरंभ केल्यास बहुधा मोठ्या शस्त्रक्रियेवाचून सरळ होते. दुभंगलेला ओठ साधारणपणे तिसऱ्या महिन्याच्या पुढे शिवता येतो. ऐकू न येणारे मूल वेळीच ओळखले तर बोलायला शिकते. पण या प्रत्येक उपचाराला एक मुदत आहे, आणि ती मुदत बहुतेक वेळा लाजेत निघून जाते. सहा महिने पदराखाली झाकलेल्या पावलाने जे गमावले, ते पुढे मोठ्या खर्चानेही पुरते भरून येत नाही.

उपचार नसलेलीही काही व्यंगे आहेत, हे आम्ही विसरलेलो नाही. त्यांबाबत आईबापांपुढचा पेच फार दारुण असतो. १९७१ च्या गर्भपाताच्या कायद्याने विसाव्या आठवड्याची मर्यादा घातली होती, आणि हृदयासारखी व्यंगे कित्येकदा त्यानंतरच ध्यानात येत. २००८ साली मुंबईच्या एका जोडप्याने ही मर्यादा ओलांडल्यावर उच्च न्यायालयाकडे परवानगी मागितली. ती मिळाली नाही. त्या खटल्याने देशभर जी चर्चा उठली, तिचे फळ २०२१ च्या दुरुस्तीत दिसले. गंभीर व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवल्यास आता आठवड्यांची मर्यादा आड येत नाही. कोणी काय ठरवावे, हे सांगण्याचा अधिकार व्याख्यानपीठाला नाही. निर्णय त्या स्त्रीचा आहे. तिने मूल ठेवले तर 'जाणूनबुजून कशाला?' आणि न ठेवले तर 'पोटच्या गोळ्याला?' असे दोन्हीकडून बोलणारे शेजारी आपण होऊ नये, एवढेच आम्ही म्हणू.

या इतिहासाचे तात्पर्य साधे आहे. सव्यंग मुलाच्या पाळण्यापाशी माणसाने आजवर तीन प्रश्न विचारले. पहिला, हे कोणाचे पाप? त्याने आईला वेशीबाहेर नेले आणि अर्भकाला विस्तवात टाकले. दुसरा, हे कशाने झाले? त्याने लस दिली, गोळी दिली, आणि आईला निर्दोष ठरवले. तिसरा, याला आता काय हवे? तो प्रश्न वैद्याइतकाच आत्याने, मावशीने, शेजारणीने विचारण्याचा आहे, आणि त्याची उत्तरे अगदी साधी असतात. कोणाला बोंडल्याने थेंब थेंब दूध हवे असते, कोणाला पहाटेच्या गाडीने सेवाग्राम वा सावंगीच्या रुग्णालयापर्यंत सोबत हवी असते, आणि आईला हवे असते की कोणीतरी बाळाला उचलून घ्यावे आणि त्याचे नाव विचारावे.

बंगालच्या त्या मुलाचे नाव कोणी विचारले नव्हते. आपल्या आळीत पुढचे असे मूल जन्मेल तेव्हा त्याचे बारसे व्हावे, त्याची नोंद व्हावी, आणि त्याच्या आईने दार ओढून घेण्याची गरज पडू नये. कुष्ठरोगावरचा शिक्का ज्या जिल्ह्याने पुसायला घेतला, त्या जिल्ह्याला हे अवघड जाऊ नये.